पगार पुरायचा तेव्हा

“पगार सांगा,” कावेरी म्हणाली.

दयानंदने चोरट्या आवाजात सांगितला. मल्लेश्वरमच्या त्या उभ्याने खायच्या हॉटेलात सकाळची गर्दी होती. दोघांचा घटस्फोट होऊन आठवडा झाला होता. लेक शिवानी आईकडे राहणार होती. तिच्या खर्चाचे दहा हजार आणि कावेरीची पोटगी आठ हजार, दर महिन्याला. तेव्हापासून दयानंदची झोप उडाली होती. एखादा हप्ता चुकला तर पोरीला तोंड कसं दाखवायचं?

बोम्मसंद्राच्या कारखान्यात तो वीस जणांकडून काम करून घ्यायचा, पण स्वतःचा महिना कसा भागवायचा हे त्याला ठाऊक नव्हतं. लग्न झाल्यापासून तो एक तारखेला पगार बायकोच्या हातात ठेवून मोकळा व्हायचा. म्हणून जिला पैसे द्यायचे, तिलाच ते कुठून काढायचे हे विचारायला आला होता. याला भाबडेपणा म्हणावं की कोडगेपणा, कोण जाणे.

कावेरी बोटांवर मोजू लागली. “आधी पोरीचे दहा. मग माझे आठ. खोलीचं भाडं. खानावळ. निपाणीला अत्तींच्या गोळ्या, त्या चुकवू नका, आई आहे तुमची. रविवारी दोस्तांबरोबर बिर्याणी खाता, तेही धरा. नाहीतर आठवडाभर चिडचिड करत बसाल.”

दयानंद बघत राहिला. अशीच ती एक तारखेला स्वयंपाकघरात फतकल मारून बसायची. तो दाराशी पाय पसरून चहा पीत असायचा. शिवानी त्याच्या पाठीवर लोंबकळत असायची. फोडणीचा वास घरभर सुटलेला असायचा. किती सुखाचे दिवस होते ते!

“बसतंय बघा सगळं,” कावेरी म्हणाली. “स्वल्प ओढाताण होईल, पण बसतंय.”

त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याला एकदम तिच्याविषयी फार माया वाटली.

“कावेरी, तेव्हा तर पगार याच्या निम्माच होता की गं. तरी कधी कुणापुढं हात पसरावा लागला नाही. कसं पुरवायचीस?”

कावेरीने कॉफी संपवली आणि पर्स खांद्याला लावली.

“तेव्हा माझं काहीच धरत नव्हते,” ती म्हणाली. “म्हणून पुरायचं.”