मोठ्या आतड्याची जागा

डलूथच्या शाळेत हाल्वर्सन मॅडमनी अ‍ॅप्रन बांधला आणि टेबलावरचे कापडी अवयव दाखवले. "सिग्ने, चिकटव बघू माझी पचनसंस्था." सिग्नेने अन्ननलिका, जठर, लहान आतडं चिकटवलं, मोठं आतडं उचललंच नाही. "ते राहिलं की. त्याच्याशिवाय माणूस जगेल का?" मॅडम हसल्या. तेवढ्यात सिग्नेच्या पोटातून नेहमीचा आवाज आला. "पादरट," मागून डेरेक म्हणाला, वर्ग खिदळला. वर्षभर ती मान खाली घालायची. आज तिने दप्तरातून कोरी पिशवी काढली, मागचा कागद सोलून अ‍ॅप्रनवर बेंबीच्या उजवीकडे दाबून बसवली. "माझं मोठं आतडं डॉक्टरांनी काढलंय. लहान आतड्याचं तोंड पोटावर, पिशवीत उघडतं. त्या तोंडाचं नाव मी गुन्नार ठेवलंय. पादायला तो कुणाची परवानगी मागत नाही." मॅडमचा हात पिशवीकडे गेला. "काढू नका. उत्तर बरोबर आहे. जगतो माणूस, मॅडम. मार्क द्या."