राणीचा पेला

कॅनडा सरकारने तिन्ही दलं एकत्र केली आणि आरमाराच्या नावातला 'शाही' हा शब्द काढून टाकला. त्या दिवसापासून आमच्या हॅलिफॅक्सच्या नाविक क्लबातला आल्डन जो धुमसत होता, तो म्हातारा झाला तरी विझला नाही. त्याची मुलगी शोना पुढे त्याच आरमारात अधिकारी झाली, पण हा गडी तिला खरी नाविक मानायलाच तयार नाही. क्लबातल्या पहिल्याच मेजवानीत ती इंग्लंडच्या राणीच्या नावाचा पेला प्यायला उभी राहिली, तेव्हा त्याने तिला चारचौघांत झापलं होतं.

"खाली बस! शाही आरमारात राणीचा पेला बसून पितात. जहाजाचं छत बुटकं, उठलं की डोकं आपटतं. तुमच्या बोडक्या आरमाराला हे कुठून कळणार म्हणा!"

परवा ऑगस्टमध्ये बातमी आली, 'शाही' परत मिळालं. क्लबात एकच जल्लोष झाला. आल्डनने डोळे पुसले, रमचा पेला भरला आणि ताडकन उभा राहिला. "राणीसाहेबांच्या नावाने!" त्याच्या पाठोपाठ आम्ही सगळे म्हातारे खुर्च्या सरकवून उठलो. शोना तेवढी पेला हातात धरून बसून राहिली.

आल्डनचा पारा चढला. "अगं, ऊठ की! इतक्या वर्षांनी आपलं शाही आरमार परत आलंय, आणि तू ढिम्म बसलीयस?"

 

"म्हणूनच बसलेय, बाबा."