अंगाचं माप

भट्टीतून निघालेला सिरॅमिकचा पोशाख कालिंदीने अंगाला लावून पाहिला. डोक्यापासून पायापर्यंतचा तो पोशाख जेमतेम तिच्या छातीपर्यंत येत होता.

पोशाखाचा खास प्लास्टिकचा धागा भाजून सिरॅमिक झाला की पाव हिश्श्याने आटतो. शहरासाठी शेकडो पोशाख विणताना ती तक्ता बघून माप वाढवायची. पण स्वतःच्या मापाला तक्ता कशाला? घाईत तिने आपलेच कपडे पसरले आणि कडेकडेने विणत गेली.

बाहेर ऊन नव्वद अंशांवर होतं; पोशाखाशिवाय माणूस होरपळला असता. चौकीवरचा एकुलता एक पोशाख घालून गेलेला तिचा नवरा सुदाम कालपासून पंपघरात कोंडला होता. दार बाहेरूनच उघडणार होतं, आतली हवा आता आणखी दोनच तास पुरणार होती, आणि नवा पोशाख विणून भाजायला अख्खा दिवस लागणार होता.

सात वर्षांच्या रेणूने पोशाख चाचपला. मग फ्रॉक घालताना करते तसे दोन्ही हात वर केले.

"घाल ना, आई. मला अगदी अंगाबरोबर आहे."

कालिंदीने पोशाख छातीशी घट्ट धरला. भिंतीवरच्या फोनमधून सुदामचा आवाज आला, "निघालीस का गं?"