आवारातली ओल

"ही ओल आली कुठून?" थोरल्या बाईंनी काठीचे टोक जमिनीत खुपसले. चिखलाने ते सहज गिळले.

"आई, नळ माझ्याकडूनच उघडा राहिला असेल," सून म्हणाली.

"काल नळ, परवा नळ. भोक नळाला आहे की तुझ्या डोक्याला?"

सून खाली मान घालून भिजलेल्या ढलप्या घमेल्यात भरू लागली.

जाळीच्या आवारात आता थोड्याच कोंबड्या उरल्या होत्या. त्यांतली पांढरी थोरल्या बाईंच्या हातावरचेच दाणे टिपत असे. आज ती एका पायावर उभी होती. दुसऱ्याचा तळवा सुजून गरम झाला होता. चिखलात उभे राहून पाय सडतात, असे गुरांच्या डॉक्टरांनी बजावले होते. पाऊस सरून महिना उलटला, तरी आवारातली ओल काही हटत नव्हती.

थोरल्या बाईंनी उपायांत कसर ठेवली नव्हती. पूर्वी या जागी शेवंतीचे वाफे होते. मालक गेल्यावर त्यांनीच ते उपटवून इथे जाळी बसवली. वाफ्यांची माती पाणी धरून ठेवणार हे ओळखून त्यांनी ती वीतभर उपसवली, खाली खडी आणि वाळू घातली, मागच्या भिंतीकडे उतार देऊन चर खणवला आणि वर लाकडाच्या ढलप्या पसरवल्या. संध्याकाळी आवार ठणठणीत कोरडे असे. सकाळी पुन्हा पचपच.

"आणि माझ्या चपला घालून आत कोण जातं?" त्यांनी पायरीकडे काठी रोखली. चपलांचे तळ चिखलाने माखले होते.

"मी, आई."

"तुझी टाच तरी मावते का त्यांत?"

सुनेने नवऱ्याकडे पाहिले.

"रविवारी कोंबड्या मावशीकडे पोचवतो," तो म्हणाला. "तिचं अंगण उंचावर आहे. पांढरीचा पाय तरी वाचेल."

"माझ्या कोंबड्या माझ्या दारातून हलणार नाहीत. आजपासून जाळीच्या फाटकाला कुलूप घाला."

"बरं. किल्ली मी ठेवतो."

"का? माझी कंबर काय भाड्याने दिलीय?"

त्याने किल्ली आईच्या हातावर ठेवली. सुनेने पदर डोळ्यांना लावला.

"हिला आता काय झालं?"

"काही नाही, आई. भुसा गेला डोळ्यात."

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटण्यापूर्वीच थोरल्या बाई मागच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. पदर खोचलेला, काठी मांडीवर आडवी. चोर हाती लागल्याशिवाय उठायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता.

कोणीही आले नाही. कुलूप जसेच्या तसे होते. उजाडू लागले तशा ढलप्या दिसू लागल्या, फिक्या, कोरड्या. दांडीवर चढता येत नसल्याने पांढरी त्यांतच पाय दुमडून निजली होती. थोरल्या बाईंना फार दिवसांनी समाधान वाटले.

मग त्यांच्या मनात आले, ह्यांच्या शेवंतीला पाणी घालायचे राहिलेच की. झारी जागेवर नव्हती. या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ. त्यांनी पायांत चपला सरकवल्या, बादली काठोकाठ भरली आणि कमरेची किल्ली काढली.