पडद्यावरची कुस्ती

मानसिंगनं बिरूला खाली खेचलं आणि मैदानात गलका उठला. सगळ्यांच्या नजरा आखाड्यावर टांगलेल्या, लढणाऱ्यांची हाडं दाखवणाऱ्या एक्स-रेच्या पडद्यावर होत्या. हाडं किरण अडवत, म्हणून तिथं पांढरीशुभ्र दिसत. मांसातून किरण पार जात, म्हणून मांस काळसर. बिरूच्या गळ्याखालच्या हाडात मात्र केसाएवढी काळी रेघ होती. हाड चिरलं होतं आणि फटीतून किरण निसटत होते.

"दाब तिथंच!" लोक ओरडले.

दोनदा हुकलेली मानाची गदा आज मानसिंगच्या हाताशी आली होती. पण ती रेघ बघून त्यानं पकड सोडली. "पंच, कुस्ती बरोबरीत सोडवा."

"कच खाल्लीस व्हय?" बिरू चिडला.

"आधी हाड जुळू दे, गड्या. मग बघतो तुला."

त्यानं बिरूला अलगद मिठी मारली. पडद्यावर दोघांच्या बरगड्या अशा मिसळल्या, की कुठली कुणाची ते कळेना. आणि मैदानभर फेटे उडाले.