वेणूचा दम

कबड्डीच्या अंतिम सामन्यात चढाईला गेलेल्या वेणूचा दम मध्यरेषेपाशीच तुटला. सरावात असं कधी व्हायचं नाही. डॉक्टरांनाही छातीत काही सापडलं नव्हतं. पण सामन्यात प्रशिक्षक धुमाळ सर ओरडायला लागले, की तिचा श्वास कोंडायचा.

"फुप्फुसं घोड्याची आणि काळीज उंदराचं! जा, भाकऱ्या थाप!" सर गरजले. मग त्यांनी पंचांनाही शिव्या घातल्या, तेव्हा पंचांनी त्यांना मैदानाबाहेर काढलं.

बाद झालेली वेणू पुन्हा आत आली, तेव्हा पुढच्या चढाईत तिचा श्वास पोटापर्यंत उतरला. तिघींना शिवून ती परतली आणि संघ जिंकला.

"बघितलंत? माझ्या शिव्यांनीच पोरगी पेटली!" सर फाटकाबाहेर लोकांना सांगत होते.

याला आपण भीत होतो? वेणूनं चूळ टाकली आणि पाठ फिरवली.