पडल्यावर उठायचं नाही

"पाटी उतरवायला माणूस देऊ का, दत्ताजी?" जगदेवरावांनी दारात उभं राहूनच विचारलं. शेड त्यांची होती, दत्ताजींचा स्टुडिओ तिच्यात भाड्यानं होता. उद्यापासून तिथे लसणाची पोती यायची होती.

"माणूस कशाला? भूपेंद्र येतोय इंदूरहून. दोघांनी चढवली, दोघंच उतरवू."

भूपेंद्र येतोय, हे जगदेवराव आठवडाभर ऐकत होते. संध्याकाळी किल्ली घरी पोचवा म्हणाले आणि गेले.

भूपेंद्र सकाळी येणार होता. मग दुपारी येतो म्हणाला. मग त्यानं फोन उचलणंच बंद केलं. दत्ताजींनी दोघांसाठी चहा मागवून ठेवला होता. आपला पिऊन झाल्यावर ते बराच वेळ दुसऱ्या कपावरची साय बघत बसले आणि शेवटी तोही गारढोण चहा त्यांनीच पिऊन टाकला. राग आला असता तर ओतून दिला असता. त्यांना वाईट वाटलं होतं.

पाटी दारासमोरच्या भिंतीवर होती. 'भोईटे फाइट पिक्चर्स, देवास.' रंग उडाला होता, पण उगारलेली मूठ अजून दिसत होती. मूठ भूपेंद्रची, त्यांच्या हीरोची. एके काळी सोनकच्छ म्हणा, बागली म्हणा, तिकडच्या बसमध्ये यांचेच पिक्चर लागायचे. आपलं गाव आलं तरी फाइट संपेपर्यंत लोक उतरायचे नाहीत आणि कंडक्टर शिव्या द्यायचे. नालछ्याच्या घाटात शूटिंग असलं की आसपासच्या शाळा ओस पडायच्या. मग ज्याच्या त्याच्या हातात फोन आला, बसमधले टीव्ही उतरले, पोरं पोटापाण्याला पांगली. भांडण कुणाशीच झालं नाही. जन्मभर मारामाऱ्या लावून देणाऱ्या माणसाचं दुकान असं बिनभांडणाचं बुडालं.

ऊन कलायला लागलं तेव्हा दत्ताजींनी स्वतःच शिडी लावली. साठी उलटलेल्या माणसानं करू नये ते केलं. एका बाजूचा बोल्ट निघाला. दुसऱ्या बाजूला वाकले, शिडी सरकली, आणि पाटी वरच राहून दत्ताजी तेवढे खाली आले. खाली नुसती फरशी होती. पडायच्या गाद्या मागेच कुणीतरी उचलून नेल्या होत्या.

ते उठले नाहीत. उठायचं नाही, हा त्यांचाच नियम होता. नालछ्याला एक पोरगा घाटात घसरला होता, हसत हसत उठला होता, आणि त्याला स्वतःचं नाव सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून स्टुडिओचा कायदा झाला. पडलेल्यानं पडून राहायचं. जवळ असेल त्यानं येऊन विचारायचं, "नाव? गाव?" दोन्ही नीट सांगितलं की तो म्हणणार, "ऊठ." मगच उठायचं. पोरगा मराठी असो की माळवी, विचारायचं मराठीतच, कारण दत्ताजींच्या तोंडून पहिल्यांदा तसं निघालं होतं. आणि दत्ताजी स्वतः पडले, तर विचारायचा मान भूपेंद्रचा. एकदा तर त्या बदमाशानं हातातली कचोरी संपेपर्यंत त्यांना तसंच पाडून ठेवलं होतं.

दत्ताजी वरच्या पत्र्याकडे बघत पडून राहिले. हात हलत होते, पाय हलत होते, डोकं शाबूत होतं. बाहेर भोपाळ रोडवरून गाड्या जात होत्या, त्यातली एकही थांबणार नव्हती. उठता आलं असतं. पण विचारायला कोणी नाही म्हणून आपलं आपणच उठायचं, हे त्यांना सहन होईना. स्टुडिओ बंद पडून किती दिवस झाले, पण तो बुडाल्याचं दुःख त्यांना त्या फरशीवर पहिल्यांदा झालं.

त्यांनी खिशातून फोन काढला आणि पुन्हा भूपेंद्रला लावला.

या वेळी एका मुलीनं उचलला. "सर क्लास ले रहे हैं, अंकल. होल्ड करेंगे?"

"करतो," दत्ताजी म्हणाले.

तिनं फोन तसाच टेबलावर ठेवला असावा. तिकडचा हॉल ऐकू यायला लागला. पळणारी पावलं, टाळ्या, कुणाचं तरी हसणं. मग धप्प झालं. गादीवर अंग पडल्याचा तो आवाज दत्ताजींना झोपेतही ओळखू आला असता.

"उठना नहीं!" भूपेंद्र ओरडला. "कितनी बार बोला भिया, गिरने के बाद उठना नहीं! लेटा रह."

पावलं चालत आली आणि थांबली.

"नाव?"

इंदूरच्या त्या पोरानं काय सांगितलं ते ऐकू आलं नाही.

"दत्ताजी भोईटे," दत्ताजी म्हणाले.

"गाव?"

"देवास."

'ऊठ' काही लगेच आलं नाही. दत्ताजी वाट बघत होते. कचोरी खात असेल, त्यांच्या मनात आलं.

"ऊठ," भूपेंद्र म्हणाला.

दत्ताजी उठले. आधी कुशीवर झाले, मग गुडघ्यावर, मग भिंतीला धरून उभे राहिले. फोनवर मुलगी परत आली होती.

"अंकल, सर को टाइम लगेगा. काम क्या था?"

"हो गया, बेटा," दत्ताजी म्हणाले. "काम हो गया."